भिंगऱ्यांची बोट

आमचे हे पक्षी बघतात आणि मी माणसं बघते. लग्न झाल्यापासूनची ही वाटणी आहे. कुठेही फिरायला गेलो की ह्यांच्या गळ्यात दुर्बीण आणि माझ्या पिशवीत विणकाम. हे झाडाकडे तोंड करून उभे राहतात, मी झाडाकडे पाठ करून बसते. माणसं बहुतेक त्याच बाजूला असतात.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी परदेशात नोकरी करते. "मावशी, या ना एकदा," म्हणून तिने आमचे कान खाल्ले, तेव्हा या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. तिने रजा घेतली, आपली छोटी गाडी काढली आणि आम्हाला देश दाखवायला निघाली. पहिल्या दिवशी दोन भव्य इमारती आणि एक संग्रहालय बघून झाल्यावर हे म्हणाले, "छानच आहे सगळं. पण इथे पाणथळ कुठे आहे?"

"काका, पाणथळ बघायला विमानाने आलात?"

"तिथे एक बगळा असतो. लव्हाळ्यात राहतो. रंगही लव्हाळ्यासारखाच, त्यामुळे कोणाला दिसत नाही. आवाज तेवढा येतो, रेडा हंबरल्यासारखा."

"दिसत नाही ना?" मी म्हटलं. "मग तो आपल्या घरूनही दिसत नव्हताच की."

पण भाची बिचारी गुणी. तिने फोनवर शोधाशोध केली आणि एका मोठ्या नदीकाठचं गाव काढलं. नदीच्या पलीकडे पाणथळ, अलीकडे गाव, आणि मध्ये पूल नाही.

वाटेत ह्यांनी किती पक्षी पाहिले ते ह्यांना ठाऊक. मी मात्र पोटभर पाहिलं. एक न्हावी सकाळी दुकानापुढचा फुटपाथ धूत होता, आणि त्या ओघळात अंघोळ करायला चिमण्या आधीपासून कडेला जमून बसल्या होत्या, नळावर नंबर लावल्यासारख्या. एक बाई गॅलरीत चादर झटकत होती आणि खाली कबुतरं माना वर करून थांबली होती, कारण चादरीतून पावाचा चुरा पडायचा. म्हणजे त्या घरात कोणीतरी अंथरुणात बसून खातं, आणि ही बाई रोज त्याच्या नावाने बोटं मोडत चादर झटकते. मी हे ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तू पारवे बघितलेस की शेजारणीचं घर?" मी म्हटलं, दोन्ही.

गावात आम्हाला राहायला दोन खोल्या मिळाल्या त्या बोटवालीच्या घरी. हे नाव मी ठेवलं. नदीवर इकडून तिकडे गाड्या आणि माणसं नेणारी एक सपाट पत्र्याची बोट होती, ती चालवणारी ही बाई. माझ्याच वयाची, पण उंच, रुंद हाडाची, केस स्वतःच्या हाताने कातरल्यासारखे, डोक्यावर सदा एक निळी टोपी. नवरा कधीच देवाघरी गेलेला, मुलगा लांब कुठेतरी नोकरीला. दारात गमबुटांचे जोड लावलेले असत, आणि ती घरात शिरताना बूट न काढता तसेच ओले दोन पावलं आत यायची, मग आठवण होऊन मागे जायची. रोज. फरशीवर तेवढ्या दोन पावलांचा कायमचा डाग होता. स्वयंपाकघर लहान, पण भांडी अशी लख्ख की मला माझ्या ओट्याची लाज वाटली. खिडकीतून सरळ धक्का दिसायचा. जेवता जेवता पलीकडच्या काठावर कोणी उभं दिसलं की ती तोंडातला घास तसाच ठेवून उठायची.

पहिल्या सकाळी हे आणि भाची पलीकडे पाणथळात गेले. मीही गेले होते, पण चिखलात उभं राहायचं, बोलायचं नाही, शिंकायचं नाही, आणि जो दिसत नाही त्याची वाट बघायची, हे काही आपल्याला जमेना. मी परत बोटीवर येऊन बाकावर बसले आणि विणायला घेतलं. चिखलात ह्यांचे पाय गार पडणार म्हणून करड्या लोकरीचे मोजे घातले होते सुयांवर. बोटवालीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मोज्याकडे पाहिलं, आणि थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्यापुढे केला. झाली ओळख. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. दिवसभर आम्ही इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिलो, आणि खरं सांगते, कंटाळा म्हणून आला नाही.

काठ सोडायच्या आधी ती घंटा वाजवायची. केबिनच्या छपराखाली, बाहेरच्या बाजूला एक पितळी घंटा टांगलेली होती, दोरी ओढून वाजवायची. आता घंटा कानावर पडली की माझा हात आपोआप कपाळाकडे जातो, त्याला मी काय करणार? पहिल्यांदा गेला, दुसऱ्यांदा गेला. तिने ते टिपलं. तिसऱ्यांदा घंटा वाजवून तिने माझ्याकडे बघत आपल्या टोपीला हात लावला. तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. ती टोल द्यायची, मी हात जोडायची, ती टोपीला हात लावायची. गाडीत बसलेली माणसं आमच्याकडे जरा घाबरून बघत.

आणि मग मला भिंगऱ्या दिसल्या. पक्षी बघणाऱ्याची बायको असून त्या मला उशिराच दिसल्या, हे कबूल. घंटेपासून हातभर अंतरावर एक दिवा होता, आणि त्याच्या दांडीवर मातीचं एक वाडगं चिकटवलेलं. वाडग्यातून नुसती तोंडं. पिवळ्या कडांची, उघडी, रिकामी तोंडं, बाकी पिल्लू म्हणून काही दिसेना. बोट काठाला उभी असली की आईबाप काठावरच्या गवतावर किडे धरत फिरायचे. घंटेचे तीन टोल पडले, ठण्, ठण्, ठण्, की जिथे असतील तिथून सूर मारत यायचे आणि बोटीबरोबर निघायचे. बोट भर पाण्यात मधोमध असली तरी आई किडा घेऊन नेमकी घरट्यावर. पलीकडे पोचलो की तिकडच्या गवतावर शिकार. पुन्हा घंटा, पुन्हा सोबत परत. दिवसभर हाच उद्योग. चालत्या घरात संसार करायचा म्हणजे काय, हे त्या दोघांना विचारावं.

संध्याकाळी मी ह्यांना ओढत आणून दाखवलं.

"माळभिंगरी," हे दुर्बीण न लावताच म्हणाले. "थंडीत आपल्या गच्चीसमोरच्या तारांवर बसतात ना, तीच जात."

"ती? ती आपल्या तारेवरची?" मला एकदम गाववाला भेटल्यासारखं झालं. "म्हणजे थंडीचं आपल्याकडे यायचं, आणि बाळंतपणाला माहेरी इथे!"

भाचीला हसू आवरेना. तिने ते बोटवालीला तिच्या भाषेत सांगितलं. त्याला बराच वेळ लागला, कारण तिथे माहेर नावाची वस्तू नाही, ती समजावून सांगावी लागली. सगळं ऐकून बोटवाली गंभीर झाली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, मग मीही माहेरीच आहे. ही बोट माझ्या वडिलांची. घंटाही त्यांचीच."

असे दोन-तीन दिवस गेले. बोटीवरची रोजची माणसं मला ओळखू लागली. टपाल घेऊन येणारी लठ्ठ बाई बोटीवर पाय ठेवताच बूट काढून पाय मोकळे करायची. सायकलवाली नर्स उभ्या उभ्या सफरचंद खायची आणि देठ पाण्यात टाकायची. आणि एक आजोबा होते, त्यांच्याबरोबर बुटका, म्हातारा कुत्रा. ते पलीकडे जायचे आणि खाली न उतरता तसेच परत यायचे. भाचीने विचारलं तर म्हणाले, "मला काही काम नाही. कुत्र्याला पलीकडची हवा मानवते." बोटवाली त्यांच्याकडून भाडं घेत नसे. वर कुत्र्यालाच दटावायची, "आज तरी उतर रे, तुझ्या मालकाला जरा चालव!"

बुधवारी दुपारी बोटीवर एक माणूस आला, बगलेत चामडी बॅग. परवाने देणाऱ्या कचेरीतला होता. तो बोटीच्या कडेने वाकून वाकून बघत राहिला, बोटवालीशी चार शब्द बोलला आणि उतरून गेला. त्यानंतर तिने टोल दिले, पण टोपीला हात लावला नाही. मी हात जोडून तशीच बसून राहिले.

रात्रीचं जेवण तिकडे उजेडातच होतं. टेबलाशी बसल्यावर भाचीने हळूच विषय काढला. बोटवालीने सुरी खाली ठेवली आणि बोलायला लागली ती थांबेचना. भाची मध्येच "थांबा, थांबा" म्हणत आम्हाला सांगत होती.

गोष्ट अशी होती. बोटीचा तळ दर वर्षी पाण्याबाहेर काढून तपासून घ्यावा लागतो, रंगवावा लागतो. त्याशिवाय परवाना चालू राहत नाही. तपासनीस शनिवारी येणार. शनिवारी बोट दुरुस्तीच्या यार्डात नसली तर परवाना बंद, आणि तो पुन्हा मिळेपर्यंत सगळा उन्हाळा निघून जाणार. तिचं घर चालायचं ते उन्हाळ्याच्याच फेऱ्यांवर. आणि पलीकडच्या माणसांना मग गावात यायला अर्ध्या दिवसाचा वळसा.

"मग न्यायची यार्डात. त्यात काय?" मी म्हटलं.

"मावशी, घरटं."

बोटवाली ह्यांच्याकडे बघत होती. घरात दुर्बीणवाला माणूस आहे म्हटल्यावर त्याला काहीतरी उपाय माहीत असणार, असं तिला वाटत असावं. हे अवघडले. "पिल्लं अजून आठवडाभर तरी उडत नाहीत," हे म्हणाले. "घरटं काढून धक्क्यावर ठेवावं, तर आईबाप तिथे येतील याची खात्री नाही. आणि बोट तशीच नेली, तर ते दोघं धक्क्यावर शोधत बसतील आणि पिल्लं यार्डात उपाशी मरतील."

"यार्ड आहे कुठे?"

"खाली, नदीच्या दोन वळणांपलीकडे. आख्ख्या नदीवर एकच आहे."

"दर वर्षी उन्हाळ्यातच काढतात का हो बोट?" ह्यांनी विचारलं. "घरट्यांच्या दिवसांत?"

यावर बोटवालीने ताट बाजूला सारलं. मग उठली, उगाच पातेलं घासायला लागली, आणि पाठमोरीच बोलली. भाचीने डोळे मोठे केले.

"थंडीतच काढायची असते. यंदा हिनेच पुढे पुढे ढकललं. यार्ड धाकट्या भावाचं आहे आणि ती त्याच्याशी बोलत नाही."

पुढचं सगळं पातेल्याच्या आवाजात आलं. मागच्या खेपेला बोट यार्डात गेली होती तेव्हा भावाने ताईला न विचारता, तिला खूश करायचं म्हणून, वडिलांची घंटा काढून खोक्यात ठेवली आणि तिच्या जागी नवाकोरा विजेचा भोंगा बसवला. हल्लीची माणसं कानात गाण्याची बोंडं घालून फिरतात, त्यांना घंटा ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं. वसंतात भिंगऱ्या आल्या, त्यांनी घरटं बांधलं, अंडी घातली. पण भोंगा वाजला की मादी अंड्यांवरून उडून जायची. दिवसातून इतक्यांदा भोंगा, इतक्यांदा उडणं. अंडी गार पडली. तेव्हा बोटवालीने भोंगा उपटून नदीत फेकला आणि घंटा पुन्हा टांगली. भावाला कळलं ते गावातून. आपण प्रेमाने दिलेली वस्तू ताईने पाण्यात टाकली, एवढंच त्याला कळलं. तो रुसला. ही फुगली. झालं.

"पण अंड्यांचं त्याला सांगितलंच नाही?" मी विचारलं.

"म्हणते, त्याने विचारलंच नाही."

हे मला अगदी ओळखीचं वाटलं. आमच्या माहेरीही असंच चालतं.

खिडकीतून धक्का दिसत होता, बोट दिसत होती, आणि दिव्यापाशी ये-जा करणाऱ्या त्या दोघी. दोघी कसल्या, नवराबायको. मी म्हटलं, "घंटा वाजली की ते येतातच ना बोटीबरोबर? मग घंटा वाजवत जाऊ या. थोडं जायचं, थांबायचं, वाजवायचं. आले की पुढे."

"अगं मावशी, वरात आहे का?"

"असू दे वरात. सांग तिला."

भाचीने सांगितलं. बोटवाली हात पुसत टेबलाशी आली. तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "असं कोणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. पण येणारच नाहीत असंही मी म्हणणार नाही." मग तिने एकच प्रश्न विचारला.

"म्हणते, मी सुकाणू धरणार. घंटा कोण वाजवणार?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"त्याची काळजी करू नको म्हणावं," मी म्हटलं. "लहानपणापासून वाजवतेय."

शुक्रवारची सकाळ म्हणजे ह्यांची पाणथळातली शेवटची सकाळ. शनिवारी आम्हाला निघायचं होतं आणि तो बगळा अजून दिसला नव्हता, ऐकूही आला नव्हता. मी म्हटलं, तुम्ही जा हवं तर, आम्ही तिघी नेतो बोट. ह्यांनी बूट चढवले. दुर्बीण गळ्यात घालून सगळ्यांच्या आधी बोटीवर जाऊन उभे राहिले, पाठीमागच्या कठड्याशी, आकाशाकडे तोंड करून.

धक्क्यावर आज फेरी नाही अशी पाटी लागली. तरी आजोबा कुत्र्याला घेऊन चढलेच. "कुत्र्याला खालच्या अंगाची हवा अजून दाखवली नाही," म्हणाले.

पहिले तीन टोल बोटवालीने स्वतः दिले. भिंगऱ्या आल्या, नेहमीसारख्या. पण बोट नेहमीसारखी समोर न जाता डावीकडे, खाली वळली, तेव्हा त्या दोघांची जी काही त्रेधा उडाली! एक वर गेला, एक बोटीभोवती फिरून आली, दोघं हवेतच एकमेकांवर आदळता आदळता वाचले. "चुकली वाटतं बाई आज," असंच म्हणत असणार. मी दोरी हातात घेतली. ठण्. ठण्. ठण्. आले. माझ्या डोक्यावरून सर्रकन गेले आणि घरट्याशी गलका उठला.

मग आम्ही असे निघालो. थोडं जायचं, इंजिन मंद करायचं, तीन टोल. आईबाप काठावर किडे धरून यायचे, भरवायचे, पुन्हा थोडं पुढे. काठावरची माणसं बाहेर यायला लागली. बोट या भागात उन्हाळ्यात कधी येत नाही, आणि घंटा तर सगळ्यांच्या ओळखीची. सतरंजी झोडपणारी एक बाई हातातला दांडा तसाच वर धरून बघत राहिली. गळ टाकून बसलेल्या एका माणसाने ओरडून काहीतरी विचारलं, आजोबांनी तितक्याच जोरात उत्तर दिलं, आणि तो माणूस गळ सोडून काठाकाठाने आमच्याबरोबर चालायला लागला.

"काय सांगितलं आजोबांनी?"

"सांगितलं, पाहुण्यांना पोचवायला चाललोय."

पहिलं वळण छान पार पडलं. दुसऱ्या वळणावर उंच झाडांची दाट रांग होती आणि वारा एकदम फिरला. झाडं ओलांडून बोट पुढे गेली, थांबली. मी टोल दिले. कोणी आलं नाही. पुन्हा दिले. नाही.

"दिसतात का हो?"

"नाही," हे म्हणाले. दुर्बीण डोळ्यांवरून हलवली नाही.

वाडग्यात आधी ओरडा चालला होता. मग तो बारीक झाला. मग एकच आवाज उरला. मला काही सुचेना. मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला लागले, आणि हात वाजवतच होता. डोळे मिटले, नाव घेत राहिले, वाजवत राहिले, आणखी जोरात, आणखी भरभर.

केबिनमधून बोटवालीने डोकं बाहेर काढून आरोळी ठोकली.

"मावशी!" भाची धावत आली. "ती म्हणते, आग लागलीय का? असं काय वाजवतेस?"

मी डोळे उघडले. अहो, मी आरती वाजवत होते! नाव घेता घेता हात देवळात गेला होता. खणखणखणखण, न थांबता, आरतीला वाजवतात तशी. भिंगऱ्यांना त्यातलं काय कळणार? त्यांच्या लेखी ती कुठलीतरी भलतीच घंटा. भोंग्यासारखीच भलती.

बोटवालीने इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि बाहेर आली. रागावली असेल असं वाटलं, पण तिने नुसता माझ्या मुठीवर आपला हात ठेवला. हात कसला, दोरखंड. ठण्. मग थांबली. इतका वेळ थांबली की माझा जीव वर-खाली झाला. ठण्. पुन्हा तसंच. ठण्. मग हात काढून घेतला आणि माझ्याकडे बघत मान हलवली. आता तू.

मी वाजवले. तीनच. थांबत थांबत. आजोबांनी कुत्र्याचं तोंड हाताने धरून ठेवलं होतं. काठावरचा गळवालाही उभा राहिला होता.

तेवढ्यात ह्यांच्या पाठीमागे, पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्यातून आवाज आला. जड, खोल, घागरीत तोंड घालून कोणी हुंकार द्यावा तसा. अगदी रेडा हंबरल्यासारखा. पुन्हा आला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ऐकलं, कानामागची शीर हललेली मला दिसली. नुसतं वळायचं होतं. पण हे झाडांच्या रांगेवर दुर्बीण रोखून तसेच उभे राहिले, वळले म्हणून नाहीत.

"थांबा," हे हळूच म्हणाले. "थांबा, थांबा... एक. झाडांच्या वरून. ...आणि दुसरा."

पाण्याला पोट घासतील इतक्या खालून आले दोघं. बोटीच्या मागून, ह्यांच्या खांद्यावरून, माझ्या कानापाशी वारा घालून सरळ वाडग्यात. मेलेली वाटणारी तोंडं फटाफट उघडली. मी घंटेलाच हात लावून नमस्कार केला. बोटवालीने टोपीला हात लावला आणि टोपी तशीच डोळ्यांवर ओढून केबिनमध्ये गेली. बाहेर आली नाही ती बराच वेळ.

यार्ड म्हणजे नदीत उतरणारा सिमेंटचा उतार आणि वर मोठी पत्र्याची शेड. तिच्या तोंडाशी एक माणूस उभा होता, कपड्यांवर सगळे रंग, हात कमरेवर. नाक हुबेहूब बोटवालीचं, त्यामुळे कोण ते विचारावं लागलं नाही. वडिलांची घंटा त्याने लांबूनच ओळखली असणार. भाची माझ्या कानाशी लागून बहीणभावांचं बोलणं सांगू लागली. भांडणाचं भाषांतर तिला फारच रंगवून करता येतं.

"आज कशी काय वाट चुकलीस?" भाऊ म्हणाला.

"यार्ड एकच आहे म्हणून आले. दुसरं असतं तर तिथे गेले असते."

"सकाळी निघालीस आणि आत्ता पोचलीस? पोहत आली असतीस तरी लवकर पोचली असतीस."

"टोपी काढ आणि वर बघ."

"माझ्या डोक्यावर टोपी नाही."

"मग नुसतं वर बघ!"

त्याने वर पाहिलं. नेमकी मादी किडा घेऊन आली, त्याच्या नाकासमोरून दिव्याच्या दांडीवर बसली, चार तोंडांतल्या एकात किडा कोंबला आणि गेली. तो बघत राहिला. पुन्हा आली. तरी बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मागच्या वर्षीही होते?"

"अंडी होती. भोंग्याने मादी उठून जायची. गार पडली."

"म्हणून फेकलास भोंगा?"

"म्हणून."

"मग सांगायला काय झालं होतं तुला?"

"आणि रुसायला काय झालं होतं तुला?"

त्याने कपड्यांना हात पुसले. शेडच्या दाराकडे गेला. ते मोठं पत्र्याचं दार रोज रात्री खाली ओढून बंद व्हायचं. त्याने एक शिडी लावली, पाना घेतला आणि दारच चौकटीतून काढायला सुरुवात केली. बोटवाली खालून ओरडली, "असं नाही, आधी डावी बाजू सोड!" तो वरून ओरडला, "यार्ड माझं आहे!" आणि डावी बाजू सोडली. आजोबा शिडी धरायला गेले. दार निघालं. बोट उतारावरून हळूहळू आत घेतली, मी तीन टोल दिले, आणि भिंगऱ्या दोनदा बाहेर घुटमळून, तिसऱ्यांदा आत शिरल्या.

तपासनीस शनिवारी येऊन तळाला ठोकून, वाजवून गेला. घरट्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. तळ चांगला निघाला. आम्ही त्याच दुपारी निघालो. निघताना बोटवालीने मला मिठी मारली, तिच्या खिशातला पाना माझ्या बरगडीत रुतला. गाडीत हे मागे वळून नदीकडे बघत होते.

"वाईट वाटतंय का?" मी विचारलं. "त्या बगळ्याचं?"

"छे. तो असतोच तिथे." आणि जरा वेळाने, "तू किती मोठ्याने वाजवत होतीस, ठाऊक आहे? तरी तो ओरडला. म्हणजे घाबरत नाही. हे पुस्तकात नाही कुठे."

घरी परतलो, सामान उघडलं, तर ह्यांच्या करड्या मोज्यांतला एकच निघाला. दोन्ही मी बोटीवर विणून पुरे केले होते, ते मला पक्कं आठवत होतं. हे एक मोजा घेऊन घरभर फिरले. "एका पायाचा माणूस समजलीस का मला?" असं दोन-तीनदा म्हणून झालं.

काही आठवड्यांनी भाचीने फोटो पाठवला. बोट धक्क्याला उभी, नव्या निळ्या रंगात चकाकणारी. फक्त केबिनच्या छपराखाली, दिव्याभोवती, ताटाएवढी जागा जुन्या हिरव्या रंगाची तशीच सोडलेली. वाडगं रिकामं. पिल्लं शेडमध्येच उडायला शिकली, पत्र्यावर आपटत आपटत, असं भाचीने खाली लिहिलं होतं, आणि शेडचं दार पावसाळी वाऱ्यातही भावाने बसवलं नव्हतं. घंटा जागच्या जागी. पण घंटेच्या शेजारी आणखी काहीतरी चमकत होतं. मी चष्मा लावला. नवा भोंगा!

"बघा," मी म्हटलं, "लावलाच शेवटी मेल्याने."

खाली भाचीने लिहिलं होतं: भाऊ म्हणतो, धुक्यात घंटा पुरत नाही, भोंगा लागतोच. ताई म्हणते, भिंगऱ्या परत जाईपर्यंत तो वाजणार नाही. रोज संध्याकाळी यावरून दोघांची कडाक्याची जुंपते. तो जेवायला तिच्याकडेच असतो.

हे माझ्या खांद्यावरून फोनमध्ये वाकले, मग फोनच हातातून घेतला आणि बोटांनी फोटो मोठा केला.

"अगं, हा तर इथे आहे!"

भोंग्याच्या तोंडावर, टाचेपर्यंत ओढून, वरून सुतळीने गच्च बांधलेला ह्यांचा करडा मोजा होता.